कापणी उरकू दे

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आश्विन संपत आला की एक वास सुटतो. पिकल्या भाताचा. थोडा गोड, थोडा तुपकट, दवानं जड झालेला. मी ज्या गाडीनं शाळेत जाते तिच्यात पुण्याहून येणारे दोन शिक्षक असतात. ते काच खाली करतात, डोळे मिटतात, म्हणतात, "वा! इंद्रायणी!" मी माझ्या बाजूची काच वर करते. मला त्या वासाचा राग येतो. कानाच्या पाळ्या तापतात, आणि शाळेचं फाटक येईपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही.

माणसांवर राग धरणं सोपं. माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, समोर येऊन बसतो, मग राग कुठंतरी विरतो. ऋतूवर धरलेल्या रागाचं तसं नसतं. ऋतू दर वर्षी तितकाच ताजा होऊन येतो. तेच पिवळंधमक खाचर, तेच सकाळचं धुकं, तीच बांधावरची सोनकीची शेवटची फुलं. आणि मी दर वर्षी तितकीच संतापते.

माझी थोरली बहीण शेवंता, आमची आक्का, हिर्डोशीला दिलेली. वरंध घाटाच्या वाटेवरचं गाव. खाली धरणाचं पाणी, वर डोंगर, मधल्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरं. मी शिकले ती आक्कामुळं. सातवीनंतर वडील मला शाळेतून काढायला निघाले तेव्हा ती त्यांच्यापुढं विळा घेऊनच उभी राहिली होती. गवत कापून आली होती म्हणून विळा हातात होता, पण दिसायला ते भलतंच दिसलं. "तिला शिकू द्या. शेताला म्या हाय की," म्हणाली. वडील हसले आणि विषय संपला. पुढं मी मराठीची बाई झाले, आणि आक्का सासरच्या शेताला जुंपली गेली. पण जुंपलेली म्हणावं तर तिला ते काम आवडायचं. बाकीच्या बायांची एक ओळ होईस्तोवर तिच्या दोन व्हायच्या, आणि वरून ती त्यांची टिंगल करायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे कापणीला जायची. माझ्या हातानं काही फार कापणी होत नसे; मी पेंढ्या बांधायची, पाणी आणून द्यायची आणि तिची मुलगी कावेरी हिला सांभाळायची. आठ वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीत कावेरी नुकतीच पहिलीत गेली होती. तिचे पुढचे दोन दात पडलेले. ती बांधावर बसून मला पाटी दाखवायची, आणि मी पाटी बघता बघता आक्काकडे बघायची. कारण आक्का थांबत होती. चार मुठी कापायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मग बांधावर बसायची. तिला मी बांधावर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ओठ नाचणीच्या पिठासारखे राखाडी पडलेले. भाताचं कूस टोचून सगळ्यांचे हात लाल झाले होते, तिचे नुसतेच पांढरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यामागे ओढ्यावर गेले. धुकं इतकं होतं की आधी कपडे आपटल्याचा आवाज आला, मग ती दिसली. बाकीच्या बाया यायच्या आत ती धडपे धूत होती. दगडाला लागून पाणी लाल वाहत होतं.

"पाळी आलीय का गं?" मी विचारलं.

"पाळी सरती. हे सरत न्हाई."

"कधीपासून?"

"आखाडापासनं. अंगावर जातंय. वास बी मारतंय." हे बोलताना तिनं तोंड पलीकडे फिरवलं. जणू काही चोरी केली होती.

"दाजींना सांगितलंस?"

"काय सांगू? जवळ आलं की म्या दुखतंय म्हणती, तर तीन दिस बोलत न्हाईत."

"आक्का, आजच्या आज भोरला जायचं. मी नेते."

"आज?" ती खरोखर चकित झाली. "भात उभं हाय पोरी. पाऊस पडला एक, तर सगळं आडवं व्हईल. कापणी उरकू दे."

मी खाचरात गेले, दाजींना गाठलं. दाजी म्हणजे तिचा नवरा. मारकुटा नाही, दारुडा नाही. चारचौघांत चांगला म्हणतात तसा माणूस. डोक्यावरचा भारा उतरवला, घाम पुसला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकांचं काय ना काय असतंयच. कापणी उरकू दे, नेतो."

दोघांचे शब्द तेच. नवरा-बायकोत एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

कापणी उरकली. मग झोडणी आली. झोडणी उरकल्यावर उपणणी. मग हरभरा पेरायचा होता. माझी सुट्टी संपली होती. मी नसरापूरहून रोज फोन करायची आणि रोज काहीतरी उरकायचं बाकी असायचं. शेवटी ती अंगणात चक्कर येऊन पडली तेव्हा टेम्पोत घालून भोरला आणली, आणि भोरहून पुण्याला. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. मला व्हरांड्यात बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं: गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. खूप पसरलाय. एका विषाणूमुळं होतो, आणि तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. इतका सर्रास असतो की तो कुणाकडून आला, कधी आला, हे विचारण्यात अर्थच नसतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. एखादीच्या राहतो आणि वर्षानुवर्षं आत काम करत राहतो.

"दिवाळीत आणली असती तर?" मी विचारलं.

"दिवाळीत आणली असती तर तिला होणारा त्रास कमी करता आला असता. वाचली असती, असं मी सांगू शकत नाही. हे फार आधी अडवायला हवं होतं."

म्हणजे माझ्या रागाला टेकायला भिंतही नाही. दाजींच्या अंगावर सगळं टाकून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. आक्काच्या स्वतःच्या तोंडीही तेच शब्द होते, त्याचं काय करू? तिला कुणी शिकवलं होतं की भात आधी आणि आपलं अंग नंतर? कुणी एकानं शिकवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन ओरडले असते.

शेवटी शेवटी ती माहेरी आमच्या कामथडीच्या घरी होती. मी तिचे केस विंचरत होते. "माज्या अंगाला वास येतो का गं?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "खोटं बोलती. मास्तरीण असून खोटं बोलती," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "कावेरीला लांबच ठेव. पोरगी भ्यायची." शिमग्याच्या आधी आक्का गेली.

दहाव्याला नदीवर दाजी प्रत्येकाला सांगत होते, "पोटात गाठ होती." बायकांच्या घोळक्यात मात्र गाठ जरा खाली सरकली होती. एक पाठमोरी बाई दुसरीला म्हणाली, "तसलं दुखणं वंगाळ चालीच्या बायकांना व्हतं म्हणं." मी तिथं होते. माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. त्या बाईच्या डोक्यात ते ताट घातलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या बाईनं आयुष्यात एक घर आणि एक पुरुष सोडून काही पाहिलं नाही, तिची चिता थंड व्हायच्या आत तिची चाल काढली. घरी आल्यावर आईनं मला बजावलं, "कावेरीला काय बी सांगायचं न्हाई. पोर तेंची हाय. बाप ठरवंल." मी जितक्या वेळा सांगायला गेले तितक्या वेळा आई आडवी आली, दाजी आडवे आले.

यंदा भात पुन्हा पिकलं, आणि त्याच सुमाराला सरकारी दवाखान्यातून आमच्या शाळेला निरोप आला. चौदा वर्षांच्या मुलींना ह्या कॅन्सरची लस मिळणार होती. पालकांची सभा ठेवली. सिस्टर आल्या, त्यांनी नीट सांगितलं. विषाणू अंगात शिरायच्या आधी लस द्यावी लागते, म्हणून लहान वयात. लग्न झाल्यावर तिचा उपयोग कमी. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही. सगळं सरळ, साध्या मराठीत.

सिस्टरांचं बोलणं संपलं आणि मधल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. "बाई, आमच्या पोरी चांगल्या घरच्या हायती. आमाला असल्या लशीची गरज न्हाई."

दुसरे म्हणाले, "ही घेतली की पोरं व्हत न्हाईत. मोबाईलवर आलंय."

"तसं काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "उलट..."

"तुमी नोकरी करायला सांगणारच."

हशा पिकला. मागच्या बाजूला एक आई काहीतरी विचारायला उठली होती. नवऱ्यानं नुसतं मान वळवून पाहिलं आणि ती पदर सारखा करून खाली बसली, जणू पदर सारखा करायलाच उठली होती. मी आमच्या गणिताच्या सरांकडे पाहिलं. सर भोरात राहतात. त्यांनी त्यांच्या मुलीला ही लस मागच्याच वर्षी पुण्यात नेऊन दिली. स्टाफरूममध्ये आम्हाला स्वतः सांगितलं होतं. त्या हॉलमध्ये त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं: "मी माझ्या मुलीला दिली." सर पंख्याकडे बघत होते. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "बाई, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? त्यांच्या मुली, त्यांचा निर्णय."

ज्याला कळत नाही त्याचा राग एका मर्यादेपर्यंत येतो. ज्याला कळतं, जो आपल्या पोरीला गुपचूप सावलीत नेऊन बसवतो आणि बाकीच्यांच्या पोरी उन्हात राहिल्या तरी तोंड उघडत नाही, त्याचं काय करायचं?

मी उभी राहिले. "माझी बहीण चांगल्या घरचीच होती," मी म्हटलं. "ती ह्याच कॅन्सरनं गेली. तिची चाल काढायची असेल तर माझ्यासमोर काढा."

सभा हळूहळू पांगली. चार-पाच आयांनी जाता जाता सिस्टरांकडे मुलींची नावं दिली. पंख्याखालचे सर तोवर निघून गेले होते. आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं: वेल्ह्याच्या परक्या माणसांसमोर मी बोलले ते ऐकायचा पहिला हक्क जिचा, ती पोर हिर्डोशीत बसलीय आणि तिला अजून काही माहीत नाही. कावेरी आता नववीत. चौदाची.

रविवारी हिर्डोशीला गेले. झोडणी चालू होती. खळ्यावर दाजी फळीवर पेंढ्या झोडत होते, इर्जिकीला आलेली शेजारची माणसं मदतीला. हवेत धूळ, धुळीत ऊन. कावेरी सुपानं भात पाखडत होती. उंच झालीय. वाकून काम करताना कमरेत किंचित डावीकडे झुकते, आक्का झुकायची तशी.

"दाजी, शाळेत लशीचं विचारलं असेल. कावेरीचं काय ठरवलं?"

ते झोडायचे थांबले नाहीत. "काय ठरवायचं? न्हाई म्हणून कळवलं."

"का?"

"पोरीला काय झालंय? धडधाकट हाय."

"धडधाकट आहे तोवरच द्यायची असते."

त्यांनी पेंढी टाकली आणि मला रचलेल्या उडवीच्या आडोशाला नेलं. "हळू बोल. माणसं हायती. हिला लस दिली की लोक इचारणार, हिलाच कशापायी? मग हिच्या आईचं निघंल. उद्या पोरीला सोयरीक कोण आणंल? तुला काय, तू नसरापुरात राहती."

मी ठरवून आले होते की शांतपणे समजवायचं. वर्गात चाळीस पोरं समजावते, एक माणूस समजावता येणार नाही? पण 'सोयरीक' शब्द ऐकला आणि ओढ्याचं लाल पाणी डोळ्यांपुढं आलं.

"निघू दे!" मी ओरडले. "आईचं निघू दे! आक्का गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. पोटातल्या गाठीनं नाही. लाज वाटावी असं तिनं काही केलं नव्हतं, आणि तुम्ही इतकी वर्षं तिची लाज वाटल्यासारखं लपवताय. आता तिच्या पोरीलाही लाजेपायी मारणार का?"

झोडणीचा आवाज बंद झाला. खळ्यावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. दाजींच्या भुवयांवर धुळीचा पिवळा थर होता. ते फार हळू आवाजात म्हणाले, "तवा डॉक्टरीणबाई तुला काय सांगत हुत्या, त्यातलं थोडं म्या बी ऐकलं हुतं. म्हंजे त्यो रोग म्याच दिला व्हय तिला?"

हा प्रश्न ते किती वर्षं गिळून बसले होते, कोण जाणे. मला 'होय' म्हणायचं होतं. जीभ तयार होती. पण डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं नव्हतं.

"कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही," मी म्हटलं. "त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. ह्या नकाराचा देते."

तेवढ्यात कावेरीचा आवाज आला. सूप खाली ठेवून ती उडवीपाशी येऊन उभी होती. रडत नव्हती. "म्हंजे माज्यामुळं न्हाई?"

"काय तुझ्यामुळं?"

"आय. हिथली आजी म्हणायची, तुज्या बाळंतपणातच तिचं पोट बिघाडलं, तवाच गाठ धरली. मला वाटायचं, म्या झाले म्हणून ती मेली."

मी दाजींकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. घरात सत्य दडपलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत पोरीनं स्वतःला उभं केलं होतं. सहा वर्षांची असल्यापासून. दात पडलेल्या तोंडानं मला पाटी दाखवत होती ती पोर.

"न्हाई गं बाय," दाजी म्हणाले. "न्हाई. तुज्यामुळं न्हाई." आणि ते पेंढ्यांवर मटकन बसले. कावेरी त्यांच्याजवळ गेली नाही, माझ्याजवळही आली नाही. "तुला म्हाईत हुतं, मावशी," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. तिचा राग मला कळला. माझाच राग होता तो, तिच्या वयाचा.

मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले. आठवडाभर कुणाचा फोन नाही. मग दाजींचा आला. "शनवारी भोरला आणतोय पोरीला. दवाखान्यात तू बी ये." बाकी काही नाही.

शनिवारी कावेरी शाळेच्या गणवेशातच आली होती. सिस्टरांनी दंडावर सुई टोचली, अर्धा तास बसवून ठेवलं, चक्कर येते का विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. दाजी बाहेर झाडाखाली उभे, आत यायला तयार नव्हते. मग आम्ही तिघं स्टँडवर आलो. हिर्डोशीची गाडी लागायची होती. बाकड्यावर त्यांच्याच गावच्या एक काकी बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय वं, पोरीला दवाखान्यात आणलीवती व्हय?" त्यांनी दाजींना विचारलं.

"व्हय. खिळा लागला पायाला. धनुर्वाताचं इंजेक्शन."

माझं डोकं पुन्हा फिरलं. एवढं सगळं झाल्यावर खिळा! म्हणजे लस द्यायची तीही चोरून. पोर वाचवायची, पण आईची लाज तशीच ठेवायची. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कावेरी बोलली.

"खिळा न्हाई लागला, काकी. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस घेतली. माजी आय त्यानं गेली."

स्टँडवर कंडक्टरांची ओरड चालू होती, कुणाची तरी कोंबडी पिशवीत फडफडत होती. काकींनी पिशवीचे बंद आवळले. दाजी चपलेनं फरशी घासत राहिले. मला वाटलं, आता ही बाई उठून दुसऱ्या बाकड्यावर जाईल आणि संध्याकाळपर्यंत गावभर करेल.

पण काकी कावेरीच्या आणखी जवळ सरकल्या. "माजी सुरेखा बी तुज्याच वर्गात हाय की गं," त्या हळूच म्हणाल्या. "दुखतं का लई?"

"मुंगी चावल्यागत."

"आन तिच्या बापाला काय सांगू? त्यो न्हाई म्हणून बसलाय."

कावेरीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होते. माझ्याकडे ह्या विषयावर कायम पुष्कळ शब्द तयार असतात. पण दाजींनी घसा खाकरला. मान वर न करता, चपलेच्या अंगठ्याकडे बघत ते म्हणाले, "त्याला माज्याकडं लावून द्या. म्या सांगतो शेवंताचं."

गाडी लागली. ती दोघं आणि काकी चढली. कावेरी खिडकीत बसली आणि दंड चोळत राहिली. माझ्याकडे बघून तिनं हात केला, खळ्यावरच्या भांडणानंतर पहिल्यांदाच. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी स्टँडवरच उभी होते. दाजींच्या तोंडून आक्काचं नाव मी किती वर्षांनी ऐकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी रडले ती रागानं रडले. ती जिवंत असताना तिच्यासाठी कुणीतरी असं तोंड उघडायला हवं होतं.